कामातील खेळिया : कै. दादासाहेब फाळके

मनुष्याच्या जागेपणीचा बहुतेक काळ कामात जातो. शेतकरी असो, कारकून असो, कारागीर असो की शिक्षक असो, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तो कोणत्या ना कोणत्या उद्योगात गुंतलेला असतो. असे असूनही मौज म्हटली की ती कामाच्या बाहेरची, रविवारची किंवा सुटीतली वस्तू, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पोटासाठी काम करावयाचे आणि पोट भरल्यावर उरेल तेवढ्या वेळात जिवाला विरंगुळा शोधावयाचा, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एखाद्यास कामातच आनंद वाटतो असे ऐकले म्हणजे तो मनुष्य आपल्याला किंचित विक्षिप्त वाटू लागतो.

आपल्या मराठी भाषेने मात्र एक शब्द असा ठेवला आहे की, त्यात ही वाटणी नाही. तो शब्द म्हणजे 'खेळ'. अंगणात मुले खेळतात तो खेळ; जत्रेत गारुडी दाखवतो तो खेळ; दशावतारी मंडळी रात्र जागवून करतात तोही खेळ; आणि चित्रगृहात दुपारी तीन वाजता लागतो त्यालाही आपण खेळच म्हणतो. करणाऱ्याचे कष्ट आणि पाहणाऱ्याची मौज या दोहोंस एकच नाव आहे. ज्यांच्या आयुष्यात या शब्दाचे सारे अर्थ एकत्र आले, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही या वर्षीच्या स्मरणिकेसाठी निवडले आहे. ते पुरुष म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक कै. धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके.

ज्ञातीच्या स्मरणिकेत चित्रपट काढणाऱ्याचे चरित्र कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, फाळक्यांच्या आयुष्यात जो प्रश्न उभा राहिला, तोच आज आपल्या प्रत्येक घरात उभा आहे. मुलाने वाडवडिलांच्या वाटेने जावे की स्वतःच्या ओढीने? बऱ्या पगाराची नोकरी सोडून कोणी मनाजोग्या कामामागे लागला, तर त्यास घरच्यांनी आवरावे की आधार द्यावा? आणि त्या ओढीची किंमत कोणी चुकती करावयाची? दहावीचा निकाल लागला की ज्या घरांत आठवडाभर हीच चर्चा चालते, त्या घरांसाठी हे चरित्र आहे.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर क्षेत्री झाला. त्यांचे वडील गोविंदशास्त्री, ज्यांस दाजीशास्त्री म्हणत, हे संस्कृताचे व्यासंगी विद्वान होते. क्षेत्राचे ठिकाण, घरात पूजाअर्चा, पुराणांचे वाचन आणि शास्त्रचर्चा. अशा घरातील मुलाने पोथी हाती धरावी आणि वडिलांची विद्या पुढे चालवावी, ही त्या काळची सरळ अपेक्षा होती. पुढे वडिलांस मुंबईच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि हे कुटुंब मुंबईस आले. येथे या मुलाची ओढ निराळ्याच दिशेने असल्याचे दिसून आले. चित्रे काढणे, मातीचे आकार करणे आणि सोंगे आणणे यांत त्याचा जीव रमे. १८८५ साली तो सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत चित्रकला शिकू लागला.

दाजीशास्त्र्यांसारख्या वैदिक परंपरेतील गृहस्थांनी मुलास कलाशाळेत जाऊ दिले, ही गोष्ट लहान नव्हे. पुराणांतील ज्या कथा त्या मुलाने घरात ऐकल्या होत्या, त्याच त्याने पुढे पडद्यावर आणल्या. वडिलांची पोथी मुलाने टाकून दिली असे वरवर पाहणाऱ्यास वाटले असेल. वस्तुतः त्याने तिची पाने हलती केली.

कलाशाळेनंतर फाळके थोरल्या बंधूंच्या आश्रयाने बडोद्यास गेले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात नुकतेच कलाभवन निघाले होते. तेथे त्यांनी तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुरेखन आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. छायाचित्रणाने त्यांस असे काही वेडावले की, अंधाऱ्या खोलीतील रसायनांचा वास हाच त्यांचा अत्तराचा वास झाला. छपाईचे ठसे कसे करतात, तीन रंगांतून सारे रंग कसे उमटतात, काचेवर प्रतिमा कशी स्थिरावते, हे सारे त्यांनी हातांनी करून पाहिले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले.

यानंतर गुजरातेतील गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा मांडला. परंतु त्या काळी प्लेगाने घरेच्या घरे ओस पाडली होती. १९०० सालच्या सुमारास फाळक्यांची पत्नी आणि मूल या रोगास बळी पडली. तीस वर्षांचा हा तरुण गोध्रा सोडून बडोद्यास परतला. पुन्हा धंदा मांडावा, तर छायाचित्र काढल्याने माणसाचे सत्त्व हरण होते आणि आयुष्य घटते, ही लोकांची समजूत आडवी आली.

अशा दिवसांत मनुष्य काय करील? फाळके जादू शिकले! एका परदेशी जादूगाराची विद्या त्यांनी हस्तगत केली, हातचलाखीचे प्रयोग बसवले आणि पुढे आपल्या आडनावाची अक्षरे उलटीपालटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते प्रयोग करून दाखवू लागले. ज्याचे घर नुकतेच उजाडले आहे, असा मनुष्य स्वतःच्या नावाशीसुद्धा खेळतो, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. हा आनंद सुखवस्तू माणसाचा विरंगुळा नव्हता. दुःखाने खचून न जाण्याचा तो एक मार्ग होता. हात कामात गुंतले आणि बुद्धी कोड्यात गुंतली की, मनाला पुन्हा उभे राहण्यास जागा मिळते, हे ज्यांनी दुःख भोगले आहे त्यांस सांगणे नलगे. जादूची ही विद्या पुढे चित्रपटात त्यांच्या कशी कामी आली, ते पुढे येईलच.

१९०२ साली फाळक्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकर घराण्यातील. सासरचे नाव सरस्वतीबाई. या नावाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमच्या मते या चरित्राचा निम्मा भाग त्यांचा आहे. पुढील वर्षी फाळक्यांस सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. स्थिर पगार, सरकारी मान आणि आवडीचे काम. आणखी काय हवे? पण १९०५ साली वंगभंग झाला, स्वदेशीचा वारा देशभर सुटला, आणि १९०६ साली फाळक्यांनी ती नोकरी सोडली. मग त्यांनी लोणावळ्यास ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. पुढे भागीदारीत हा छापखाना दादरला आला, १९०९ साली नवी यंत्रे पाहण्यास फाळके जर्मनीस जाऊन आले आणि त्यांच्या रंगीत छपाईचा लौकिक झाला. तथापि भागीदारांशी त्यांचे पटले नाही. स्वतःच्या हातांनी वाढविलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती, पदरी मुले होती आणि हाती काही नव्हते.

अशा अवस्थेत १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. परक्यांचा देव पडद्यावर येतो, मग आपला का येऊ नये? या एका प्रश्नाने त्यांची झोप उडविली. दुसऱ्या दिवसापासून मिळतील तेवढी चलच्चित्रे पाहण्याचा त्यांनी सपाटा लावला. लहानसे यंत्र आणि रिळांचे तुकडे आणून, मेणबत्तीच्या उजेडात, घरच्या भिंतीवर ते रात्र रात्र चित्रे हलवीत बसत. झोप दोन-तीन तासांवर आली. डोळ्यांवर इतका ताण पडला की, काही काळ त्यांस दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले आणि चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी परत आली. ओळखीच्या काही मंडळींस तर या गृहस्थाचे डोके फिरले असून त्यास वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असे वाटू लागले होते, असे सांगतात.

यानंतर त्यांनी आपला विमा गहाण ठेवला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला. तेथे ना ओळख, ना पाळख. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या संपादकांकडे ते सरळ जाऊन उभे राहिले. त्या सद्‌गृहस्थांनी प्रथम त्यांस या भानगडीत न पडण्याचा सल्ला दिला. परंतु त्यांची कळकळ पाहून पुढे सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्यांकडे पाठविले. हेपवर्थ यांनी आपले चित्रनिर्मितीगृह मोकळ्या मनाने दाखविले. फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा खरेदी केला, कोऱ्या फिल्मची आणि तिला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदविली, आणि दोन महिन्यांच्या आत, १ एप्रिलला ते परत निघून आले.

कॅमेरा आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? शेजारपाजारची मुले गोळा करून त्यांचीच चित्रे घेतली. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि रोज थोडी थोडी चित्रे टिपत ते बसून राहिले. महिन्याभराने ती चित्रे सलग दाखविली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाण्यातून अंकुर फुटला, वर आला आणि वेल वाढला. एका मिनिटाच्या या खेळाने भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. व्यापाऱ्यासमोर हिशेबाची वही ठेवण्याऐवजी त्यांनी वाटाण्याचा वेल ठेवला, यात त्यांचा सारा स्वभाव आला.

तरीही पैसा पुरेना. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

'राजा हरिश्चंद्र' हा कथाविषय ठरला. दादरच्या मुख्य रस्त्यावरील त्यांचे बिऱ्हाड हेच कारखाना झाले. चित्रपटात काम करणे हे त्या काळी इतके हलके समजत की, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीस आहोत असे सांगत जा, असे फाळक्यांनी आपल्या मंडळींस शिकवून ठेवले होते. स्त्री-भूमिकांसाठी बाई मिळेना. कलावंतिणीसुद्धा कबूल होईनात. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले. इतर तरुण स्त्री-भूमिकेसाठी मिशा काढण्यास तयार नव्हते, कारण मिशी काढावयाची ती वडील वारल्यावर, अशी रूढी होती! दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि रोहिदासाची भूमिका फाळक्यांनी आपला मुलगा भालचंद्र यास दिली. बाहेरच्या चित्रणासाठी ही मंडळी एका खेड्यात गेली असता, ढालतलवारी घेतलेले लोक पाहून गावकऱ्यांस दरोडेखोर आल्याचा भास झाला आणि पोलीस पाटलांनी सर्वांना अडकवून ठेवले. फाळके मागाहून पोहोचले. त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, चित्रण कसे करतात त्याचा प्रयोगच पाटलांसमोर करविला, आणि संकटाचा तमाशा करून टाकला.

आता सरस्वतीबाईंकडे वळू. विलायतेहून येणारी फिल्म कोरी असे. तिच्या दोन्ही कडांना भोके पाडल्याखेरीज ती यंत्रात चालत नसे. हे काम अंधाऱ्या खोलीत, केवळ बोटांच्या अंदाजाने करावे लागे. ते सरस्वतीबाई करीत. रसायने कालविणे, फिल्म धुणे, तुकडे जोडणे, हेही त्या शिकल्या. चित्रण चालू असताना उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढरी चादर धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. आणि हे सारे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच चुलीवर होई. तारामतीची भूमिका करण्याविषयी त्यांस विचारले असता त्यांनी नकार दिला, असे सांगतात. आणि वाचकहो, त्या नकारामागचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. त्या तारामती झाल्या असत्या, तर उरलेली वीस कामे कोण करणार होते?

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. सुमारे ३७०० फुटांचा हा मूकपट. ज्या राजाने सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र पणास लावले, त्याची कथा सांगण्यासाठी या गृहस्थाने विमा, दागिने आणि डोळे पणास लावले होते. लोकांनी गर्दी केली. भारतीय चित्रपटाचा धंदा त्या दिवशी जन्मास आला.

त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास हलविला. पुढचा चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या प्रथमच पडद्यावर आल्या, आणि स्त्रियांनी चित्रपटात काम करण्याची वाट मोकळी झाली. याच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून विख्यात झाल्या. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कौशल्याची वाहवा झाली आणि तिकडेच राहून चित्रपट काढण्याविषयी त्यांस बोलावणे आले. पैसा भरपूर मिळाला असता. पण आपला कारखाना आपल्याच देशात चालवावयाचा, या निश्चयाने ते परतले. इतक्यात महायुद्ध पेटले आणि त्यांचे आर्थिक गाडे पुन्हा रुतले.

या ओढगस्तीच्या काळात त्यांनी काही लहान लहान चित्रे काढली, त्यांची नावेच पाहा : 'आगकाड्यांची मौज', 'लक्ष्मीचा गालिचा', 'पिठाचे पंजे', 'धूम्रपान लीला'. आगकाड्या आपोआप हलत आहेत, नाणी आपोआप रचली जात आहेत, असे दाखविण्यासाठी एकेक काडी बोटभर सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, पुन्हा घ्यावयाचे. दिवसभर पाठ मोडून काम केले म्हणजे पडद्यावर काही क्षणांची गंमत दिसे. प्रोफेसर केल्फाही या काळात पडद्यावर आले. आमच्या मते फाळक्यांच्या आयुष्याची किल्ली या आगकाड्यांत आहे. त्यांना मौज कष्टानंतर मिळत नसे. एकेक काडी सरकविण्यातच ती त्यांस मिळत असे, म्हणून कष्ट त्यांस मोजावे लागत नसत.

१९१७ साली 'लंकादहन' आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मारुतीचे उड्डाण पाहून लोक हरखून गेले, आणि जमा झालेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, अशी आख्यायिका आहे. त्याच सुमारास फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारे एक चित्रही काढले. त्याचा जो अंश शिल्लक आहे, त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात.

लौकिक झाला तसे भांडवलदार पुढे आले. १९१८ साली मुंबईच्या धनिकांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ सालचा 'कालिया मर्दन' यांनी भरघोस यश मिळविले. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. 'कालिया मर्दन'च्या आरंभी ती लहानगी केवळ चेहऱ्याने हसून, रुसून, भिऊन दाखविते. बापाने लेकीकडून पाठ करवून घेतलेला अभ्यास तो. परंतु पाहणाऱ्यास वाटावे की, घरात बापलेकींचा खेळ रंगला आहे.

पण येथूनच उतार लागला. घरचा कारखाना होता तेव्हा तोटा आला तरी तो घरचा, नफा आला तरी तो पुढच्या चित्रात जाई. आता प्रत्येक खर्चास भागीदारांची मान्यता हवी. चित्र बरे व्हावे म्हणून फाळके वेळ आणि पैसा मागत. भागीदार वेळेचा आणि पैशाचा हिशेब मागत. भागीदारांस दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही; ज्याने पैसा घातला तो हिशेब मागणारच. खरी गोष्ट अशी की, एका बाजूचे लोक काम करीत होते ते कामासाठी आणि दुसऱ्या बाजूचे नफ्यासाठी, आणि त्या दोहोंच्या मध्ये सरस्वतीबाईंच्या चुलीसारखी सर्वांना एकत्र बसविणारी जागा उरली नव्हती. फाळके कंपनी सोडून काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. ते १९२२ साली रंगमंचावर आले, पण म्हणावे तसे चालले नाही. मग ते कंपनीत परतले आणि चित्रेही पुष्कळ काढली. परंतु पहिली बहार पुन्हा आली नाही.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटाच्या या जनकाचे दिवस एका रात्रीत जुने झाले. 'सेतुबंधन' हा त्यांचा अखेरचा मूकपट पैशाअभावी मध्येच अडखळला आणि मागाहून त्यास आवाज जोडावा लागला. १९३७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तोच त्यांचा एकमेव बोलपट आणि तोच शेवटचा. यानंतरची वर्षे नाशिकास हलाखीत आणि विस्मरणात गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. सुमारे एकोणीस वर्षांत पंचाण्णवच्या आसपास चित्रपट आणि पंचविसांहून अधिक लघुपट त्यांनी काढले, असे म्हणतात. त्यांपैकी आज थोडेसेच अवशेष उरले आहेत. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. मुंबईस गोरेगावच्या चित्रनगरीसही त्यांचे नाव दिलेले आहे. २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटाने त्यांच्या उमेदीच्या दिवसांची कथा नव्या पिढीस सांगितली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आवडीचे काम धरल्याने मनुष्य सुखी होतो, हे सांगण्यासाठी अनेक लेखक श्रीमंत झालेल्या माणसांची उदाहरणे देतात. फाळक्यांचे उदाहरण तसे नाही. ते काही काळ श्रीमंत झाले आणि अखेर गरीब राहिले. आवडीचे काम धरा म्हणजे लक्ष्मी आपोआप मागे येईल, असे आश्वासन त्यांचे चरित्र देत नाही, आणि तसे आश्वासन आम्ही आपल्या ज्ञातीतील मुलामुलींस देणार नाही. हे चरित्र एवढेच दाखविते की, घर उजाडले, दृष्टी गेली, भागीदार तुटले, तरी ज्याच्या कामात खेळ शिल्लक आहे, त्याच्यापाशी उद्या सकाळी उठण्यास कारण असते. चाळिशी उलटल्यावर वाटाणा पेरून महिनाभर त्याच्यासमोर बसण्याचा धीर त्याला त्यातूनच येतो.

दुसरी गोष्ट सरस्वतीबाईंची, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. पतीच्या वेडापायी पत्नीने दागिने द्यावेत, हे योग्य झाले काय? एखाद्या सासुरवाशिणीने आज असे केले, तर आम्ही वडीलधारी मंडळी तिला शाबासकी देऊ काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पुष्कळ थोरांच्या चरित्रांत पत्नीचा त्याग कौतुकाने सांगितला जातो, आणि त्यात तिला काय मिळाले हे कोणी विचारीत नाही. दागिने देणे हा त्याग होता, यात शंका नाही. पण फाळक्यांनी त्यांस केवळ दागिने मागितले नाहीत. त्यांनी त्यांस विद्याही दिली. अंधाऱ्या खोलीतील ज्या कामाचे मर्म त्या काळी या देशात मोजक्याच पुरुषांस ठाऊक होते, ते या गृहिणीच्या बोटांत आले. पाहुण्यासारखे दुरून त्यांनी तो खेळ पाहिला नाही. तो त्यांचाही खेळ झाला. तरीसुद्धा चूल त्यांचीच राहिली आणि कीर्ती पतीची झाली, हेही नमूद केले पाहिजे. जगाने त्यांचे नाव घ्यावयास फार उशीर केला. निदान आपण तो करू नये.

शाळेत शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो की, प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले अशी असतातच की, ज्यांच्या वहीचे शेवटचे पान पहिल्या पानाहून अधिक भरलेले असते. कोणी यंत्रांची चित्रे काढतो, कोणी गाड्यांची, कोणी किल्ल्यांचे आराखडे. त्यातील सगळेच काही फाळके होत नाहीत, व्हावयाचेही नाहीत. पण ते शेवटचे पान पाहून पालकांनी एकदा मुलाजवळ बसावे आणि हे तू कसे केलेस, एवढे विचारावे. दाजीशास्त्र्यांनी आपल्या मुलास कलाशाळेत जाऊ दिले त्या दिवशी त्यांच्या हाती कसलीही हमी नव्हती. मुलाचा जीव कशात रमतो, एवढेच त्यांस दिसले असेल.

आणि तरुणांस आमचे सांगणे निराळे आहे. ज्या कामात तुमचा जीव रमतो, त्याचा भार घरात कोण वाहत आहे, हे डोळे उघडे ठेवून पाहा. त्या व्यक्तीच्या हाती केवळ भांडी ठेवू नका. फिल्मचे एक टोकही ठेवा. तिला ते काम शिकवा, श्रेय द्या, निर्णयात घ्या. मग ती व्यक्ती आई असो, पत्नी असो की धाकटी बहीण असो. ज्यांस अगदी नावडते काम पोटासाठी करावे लागते, असे बांधवही आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांत कमीपणा काही नाही. त्यांनीही दिवसातील एखादी आगकाडी आपल्या हौसेने सरकवून पाहावी. हिशेबाचे पान सुबक लिहिण्यात, दुकानातील माल नीट रचण्यात, मशीन स्वच्छ पुसून ठेवण्यात ती सापडेल.

आज आपल्यातील बहुतेकांच्या खिशात कॅमेरा असतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने चित्र हलू लागते. पण दादरच्या त्या घरात एक बाई अंधारात चाचपडत फिल्मला भोके पाडीत होती आणि एक गृहस्थ कुंडीतील अंकुराकडे टक लावून बसला होता, म्हणून या देशातील चित्रे प्रथम हलली, हे आपल्या मुलाबाळांस ठाऊक असावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. उभयतांच्या स्मृतीस आमचे आणि आपल्या मंडळाचे विनम्र अभिवादन.